शेंडेनक्षत्रावरचा खोटा काटा

आपल्या लोकांना चंद्र कधीच परका नव्हता. आपला महिना त्याच्या कोरीने सुरू होतो, पेसाह आणि सुक्कोथ त्याच्या पौर्णिमेला येतात, आणि महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघड्यावर उभे राहून त्याच्यासाठी जी ब्राखा म्हणतात, तिच्यात आपण कितीही उड्या मारल्या तरी त्याला शिवू शकत नाही असा भाव आहे. शतकानुशतके ही गोष्ट खरी होती. २० जुलै १९६९ रोजी माणूस चंद्रावर उतरला आणि ती खरी राहिली नाही.

पण त्याच्या कितीतरी आधी लेखक मंडळी कागदावरच्या कागदावर आकाशात जाऊन आली होती. त्या कागदी प्रवासांपैकी एका प्रवासात आपला एक धर्मबंधूही होता. त्याला ज्या रीतीने त्यात बसविले होते, त्याबद्दल पॅरिसच्या मुख्य रब्बींना हाती लेखणी धरावी लागली. ती हकीकत आज आम्हांला वाचकांपुढे ठेवावयाची आहे. आपली मुले-नातवंडे आता हिब्रूतून आणि इंग्रजीतून ही पुस्तके वाचतात, म्हणून ती सांगण्याची गरज आम्हांला अधिक वाटते.

आरंभ थोडा मागून करू. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात समोसाताच्या ल्युशियन नावाच्या लेखकाने ग्रीक भाषेत एक गमतीची गोष्ट लिहिली. तिच्यात एक जहाज वावटळीत सापडून थेट चंद्रावर जाते. पुस्तकाचे नाव 'खरी हकीकत' अशा अर्थाचे, पण आपण सांगतो त्यातले काहीही खरे नाही हे लेखकाने आरंभीच कबूल करून टाकले आहे. विनोद हाच त्याचा हेतू होता.

ह्या प्रकाराला शास्त्राची जोड दिली ती जर्मन ज्योतिर्विद योहान्नेस केप्लर ह्याने. ग्रहांच्या गतीचे नियम सांगणारा हा थोर पुरुष. चंद्रावर उभे राहिले तर आकाश कसे दिसेल, तेथला दिवस किती मोठा असेल, पृथ्वी कशी दिसेल, हे त्याने 'सोम्नियम' म्हणजे 'स्वप्न' ह्या लॅटिन कथेत मांडले. कथेतल्या नायकाची आई जडीबुटी जाणणारी असून तिचे भुताखेतांशी बोलणे असते. पुस्तक छापून होण्यापूर्वीच त्याची हस्तलिखित प्रत लोकांच्या हाती पडली. १६१५ साली केप्लरच्या खऱ्या आईवर, कॅथरिनावर, चेटकीण असल्याचा आळ आला. ती म्हातारी बाई वर्षभराहून अधिक काळ कैदेत होती. केप्लरने स्वतः तिची बाजू लढविली आणि १६२१ साली तिला सोडविले. आपल्या कथेनेच त्या कंड्यांना खतपाणी घातले असे त्याला वाटत राहिले. पुस्तक छापून निघाले ते १६३४ साली, त्याच्या मृत्यूनंतर. आकाशातली गोष्ट म्हणून लिहिलेला शब्द जमिनीवरच्या माणसाला कसा लागतो, ह्याचा हा पहिला धडा.

आता ज्यूल व्हर्नकडे येऊ. हे नाव मराठी वाचकांना नवे नाही. भा. रा. भागवतांनी त्याच्या कथा मराठी मुलांच्या हाती दिल्या. त्याही आधी, १९०० साली, 'केरळकोकीळ' मासिकात त्याच्या चंद्रप्रवासाचे मराठी रूप क्रमशः येऊ लागले. मराठीतील विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुधा येथूनच सुरुवात करतात.

व्हर्नची 'पृथ्वीवरून चंद्राकडे' ही कादंबरी १८६५ सालची, आणि तिचा उत्तरार्ध १८७० सालचा. अमेरिकेतले यादवी युद्ध संपले आहे आणि बाल्टिमोर येथील तोफांच्या शौकिनांचे मंडळ रिकामे बसले आहे. तेव्हा त्याचा अध्यक्ष बार्बिकेन चंद्रावर गोळा डागण्याची कल्पना काढतो. फ्लोरिडात जमिनीत उभी, ९०० फूट लांबीची तोफ ओततात. गोळा ॲल्युमिनियमचा. त्यात तीन माणसे बसतात. पृथ्वीची ओढ तोडावयाची तर सेकंदाला १२,००० यार्ड, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, एवढा वेग हवा असा हिशेब व्हर्नने दिला, आणि तो बरोबर आहे. गोळा चंद्राला वळसा घालून परततो आणि प्रशांत महासागरात पडतो. पुढे शंभर वर्षांनी अपोलोची याने फ्लोरिडातूनच निघाली, त्यांतही तीनच माणसे होती आणि तीही प्रशांत महासागरातच उतरली. अपोलो ११ परत येत असताना नील आर्मस्ट्राँगने अंतराळातून व्हर्नची आठवण काढली ती उगाच नव्हे.

मात्र व्हर्नचा एक हिशेब साफ चुकला होता. ९०० फुटांच्या नळीत एवढा वेग घ्यावयाचा तर आतल्या माणसांवर त्यांच्या वजनाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब येईल. बार्बिकेन आणि मंडळींचा पहिल्या क्षणालाच चेंदामेंदा झाला असता. ही चूक पुढच्यांनी दुरुस्त केली. व्हर्न वाचूनच अंतराळाचे वेड लागलेला रशियन शाळामास्तर त्सिओल्कोव्हस्की ह्याने १९०३ साली दाखवून दिले की तोफेने नव्हे, हळूहळू वेग वाढविणाऱ्या अग्निबाणानेच हे काम होईल. जर्मन भाषेत लिहिणारा हेर्मान ओबर्थ हाही लहानपणी व्हर्नच वाचून ह्या वाटेला लागला. त्याचा अग्निबाणावरील ग्रंथ १९२३ सालचा. गणितातल्या चुकीचे हे बरे असते. पुढचा गणिती येतो, आकडा खोडतो, बरोबर आकडा लिहितो, आणि कोणी कोणावर रागावत नाही.

माणसाविषयी केलेली चूक इतक्या सहज खोडली जात नाही. त्यासाठी व्हर्नची दुसरी कादंबरी पाहावयास हवी.

१८७७ सालच्या जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत 'हेक्टर सर्व्हादाक' ही कादंबरी पॅरिसच्या एका मुलांच्या मासिकात क्रमशः आली. मासिक चालवीत होता व्हर्नचा प्रकाशक हेट्झेल. गोष्ट अशी. एक धूमकेतू, आपल्या जुन्या मराठीत शेंडेनक्षत्र, पृथ्वीला घासून जातो आणि अल्जीरियाच्या किनाऱ्याचा एक तुकडा, जिब्राल्टरच्या खडकाचा एक भाग आणि भूमध्य समुद्राचे थोडे पाणी आपल्याबरोबर उचलून नेतो. त्यावर छत्तीस माणसे असतात. त्यांत कॅप्टन सर्व्हादाक आणि त्याचा नोकर, एक रशियन सरदार आणि त्याचे गलबत, काही स्पॅनिश लोक, एक लहान इटालियन मुलगी, बुद्धिबळाचा डाव न सोडणारे इंग्रज अंमलदार आणि तिरसट स्वभावाचा एक ज्योतिषशास्त्रज्ञ प्रोफेसर आहेत. सूर्य पश्चिमेला उगवू लागतो, दिवस-रात्र मिळून बारा तासांचे होतात, पाणी ६६ अंशांवर उकळते. मंडळी हिवाळ्यात एका ज्वालामुखीच्या उबेला राहतात, गुरू ग्रह जवळून पाहतात, आणि दोन वर्षांनी फुग्यात बसून पृथ्वीवर परततात. टक्कर झाली असता त्यातले कोणी वाचले नसते हे खरे, पण कल्पनेची झेप मोठी आहे.

छत्तिसांपैकी एक आहे इझाक हाखाबुट. हा जर्मनीत जन्मलेला ज्यू व्यापारी माल भरलेले गलबत घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने विकत हिंडणारा. व्हर्नने त्याला कृश, भित्रा, कंजूष, दर शब्दाला पैसा मोजणारा, सहप्रवाशांच्या अडचणीवर व्याज लावणारा असा रंगविला आहे. बाकीच्यांना नावे आहेत, देश आहेत, गुण आणि खोडी आहेत. ह्याला मात्र पानोपानी 'तो ज्यू' एवढेच म्हटले आहे.

ह्या कादंबरीतला एक प्रसंग शास्त्राच्या दृष्टीने फार सुंदर आहे, आणि नेमका तोच आपल्या मनाला लागतो. प्रोफेसरला धूमकेतूचे वस्तुमान काढावयाचे असते. तेथली ओढ पृथ्वीच्या सातव्या भागाच्या आसपास. आता ही ओढ मोजावयाची कशी? बाजारातली दोन पारड्यांची तागडी येथे निरुपयोगी, कारण एका पारड्यातला माल जितका हलका होतो तितकेच दुसऱ्या पारड्यातले वजनही हलके होते आणि काटा मधोमधच राहतो. स्प्रिंगचा काटा मात्र खरी ओढ दाखवितो. असा काटा धूमकेतूवर एकट्या हाखाबुटजवळ असतो. तो भाडे घेऊन काटा देतो, प्रोफेसर मोजमाप करतो, हिशेब मांडतो. नंतर उघडकीला येते की काटाच खोटा! गिऱ्हाइकाला कमी माल देण्यासाठी तो बिघडवून ठेवलेला, त्यामुळे अख्ख्या धूमकेतूचे वजन चुकले.

विनोद म्हणून प्रसंग चांगला साधला आहे हे आम्ही नाकारीत नाही. पण मासिक मुलांचे होते. पॅरिसमध्ये ते वाचणाऱ्यांत ज्यू मुलेही होती. भौतिकशास्त्राचा एक सुरेख नियम शिकता शिकता त्यांनी वर्गातल्या सोबत्यांबरोबर हेही शिकावयाचे होते की खोटा काटा कोणाच्या घरी सापडतो.

काळही नाजूक होता. १८७०-७१ च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सला हरविले होते, आणि जर्मन नावाचा माणूस खलनायक म्हणून हातासरशी मिळत होता. अल्जीरियातल्या ज्यूंना क्रेमिएच्या हुकुमाने १८७० साली फ्रेंच नागरिकत्व मिळाले होते आणि तेथल्या युरोपीय वसाहतवाल्यांना ते खुपत होते. गंमत म्हणजे त्याच दशकात व्हर्न हा स्वतःच पोलंडमधून आलेला धर्मांतरित ज्यू आहे अशी एक निराधार अफवा उठली होती.

१८७७ च्या जूनमध्ये हाखाबुटचे वर्णन करणारे प्रकरण छापून आले आणि पॅरिसचे मुख्य रब्बी झादोक काह्न ह्यांनी हेट्झेलला पत्र लिहिले. काह्न हे आल्सासमधले, तेव्हा अवघे ३८ वर्षांचे. पुस्तक जाळा, लेखकाला शिक्षा करा, असे त्यांचे म्हणणे नव्हते. कोवळ्या वयाच्या वाचकांच्या मासिकात ह्या मजकुराला जागा नाही, एवढेच त्यांनी कळविले. हेट्झेल आणि व्हर्न ह्यांनी उत्तर पाठविले की कोणाला दुखविण्याचा हेतू नव्हता, पुढच्या आवृत्तीत सुधारणा करू.

सुधारणा झाली ती कशी? व्हर्नने ते काम हेट्झेलवर सोपविले. पुस्तकरूपात 'तो ज्यू' हे शब्द बहुतेक ठिकाणी जाऊन त्यांच्या जागी 'इझाक' आले. ज्या देशांत हाखाबुट व्यापार करीत हिंडला होता त्यांत ख्रिस्ती देशांचीही भर पडली, म्हणजे आपपरभाव नको! माणूस तसाच राहिला, काटाही तसाच राहिला.

मग त्या पत्राने काय साधले, असे कोणी विचारील. आम्हांला वाटते, पुष्कळ साधले. 'तो ज्यू' म्हटले की दोष सगळ्या समाजाच्या पदरी पडतो. 'इझाक' म्हटले की तो एका माणसाच्या पदरी पडतो. आणि लबाड माणूस कोणत्या समाजात नाही? खोटी वजने आणि मापे बाळगू नका ही आज्ञा आपल्याच तोरात आहे. आपल्यातले कोणी कधी काटा मारीत नसते तर ती सांगण्याची गरजच पडली नसती. कोकणात आपल्या वाडवडिलांनी घाणे चालविले, मापाने तेल विकले. गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले ते शब्बाथला घाणा बंद ठेवीत म्हणून. शेजाऱ्यांनी त्यांची ओळख मापाच्या खोटेपणावरून नव्हे, विश्रांतीच्या दिवसावरून ठेवली. एकाच समाजाला पॅरिसच्या कादंबरीकाराने एका नजरेने पाहिले आणि कुलाबा जिल्ह्यातल्या कुणब्याने दुसऱ्या. ज्याने माणूस रोज पाहिला होता त्याची नजर खरी निघाली.

अर्धीमुर्धी दुरुस्ती म्हणजे काय हे आपणांस वेगळे सांगावयास नको. इस्राएलमध्ये आल्यावर १९६० च्या दशकात आपल्या लग्नसंबंधांबाबत शंका काढल्या गेल्या, आपल्या लोकांनी अर्ज केले, जेरुसलेममध्ये ठाण मांडले, आणि १९६४ साली क्नेसेटने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव केला. ठरावाने शब्द बदलला. मने बदलावयास आणखी वेळ लागला. पण शब्द आधी बदलला नसता तर मनांची पाळी कधी आली असती?

झादोक काह्न पुढे १८८९ साली साऱ्या फ्रान्सचे मुख्य रब्बी झाले. रिशोन लेझियोनच्या पहिल्या वसाहतवाल्यांचा प्रतिनिधी १८८२ साली मदत मागण्यास पॅरिसला गेला, तेव्हा बॅरन एदमोंद द रॉथ्शिल्ड ह्यांच्यापर्यंत त्याला पोहोचविण्यात ह्याच रब्बींचा हात होता. ड्रायफस प्रकरणात ते ड्रायफसच्या बाजूने उभे राहिले. व्हर्न आरंभी विरुद्ध बाजूला होता, त्याचा मुलगा मिशेल मात्र ड्रायफसच्या बाजूचा. पत्र लिहिणारा आणि ज्याच्या कथेविषयी ते लिहिले तो, दोघेही १९०५ सालीच वारले.

कादंबरी मात्र तेथे संपत नाही. लक्झेंबर्गमधल्या एका ज्यू घराण्यात १८८४ साली जन्मलेला ह्यूगो गर्न्सबॅक नावाचा तरुण अमेरिकेत गेला, रेडिओचे सामान विकू लागला, मासिके काढू लागला. एप्रिल १९२६ मध्ये त्याने 'अमेझिंग स्टोरीज' सुरू केले. केवळ विज्ञानकथांना वाहिलेले हे पहिले इंग्रजी मासिक. त्याच्या शीर्षचित्रात आमिएँ येथील व्हर्नच्या समाधीचे चित्र असे. आणि पहिल्या अंकात अग्रभागी कोणती कथा घेतली असेल? हीच, शेंडेनक्षत्रावरच्या सफरीची! मुखपृष्ठावर बर्फावर घसरणारी माणसे आणि आकाशात कडे असलेला शनी. विज्ञानकथेचा मोठा मानाचा पुरस्कार आज ह्याच गर्न्सबॅकच्या नावाने, 'ह्यूगो' म्हणून, दिला जातो. ज्या कथेत ज्यूला हिणविले होते तीच एका ज्यू संपादकाने उचलली आणि तिच्यावर नव्या साहित्याचा पाया घातला. आकाश कोणा एकाच्या मालकीचे नाही, हे त्याने न बोलता सांगितले.

आणखी एका वाचकाची गोष्ट सांगून हा लेख संपवितो. प्राग शहरात १ फेब्रुवारी १९२८ रोजी पेत्र गिन्झ नावाचा मुलगा जन्मला. तो व्हर्नचा भक्त होता, इतका की लहान वयातच त्याच्या धर्तीवर स्वतः कादंबऱ्या लिही आणि त्यांची चित्रेही काढी. १९४२ साली, चौदा वर्षांचा असताना, नाझींनी त्याला तेरेझिनच्या छावणीत नेले. तेथे त्याने सोबतच्या मुलांना जमवून 'वेदेम' नावाचे साप्ताहिक चालविले. ते छापण्याची सोय नव्हती. मुले शुक्रवारी संध्याकाळी जमून ते मोठ्याने वाचीत. तेरेझिनमध्येच पेत्रने एक चित्र काढले. चंद्रावरचे टोकदार डोंगर, आणि त्यांच्या पलीकडे काळ्या आकाशात दिसणारी पृथ्वी. ज्या मुलाला भिंतीबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, तो चंद्रावर उभा राहून पृथ्वीकडे पाहत होता. १९४४ साली त्याला ऑश्विट्झला पाठविले. तो परतला नाही. तेव्हा त्याचे वय सोळा.

ते चित्र जेरुसलेमच्या याद वाशेममध्ये आहे. पहिला इस्राएली अंतराळवीर इलान रामोन, ज्याची आई ऑश्विट्झमधून वाचली होती, १६ जानेवारी २००३ रोजी 'कोलंबिया' यानातून निघाला तेव्हा त्याने पेत्रच्या चित्राची प्रत बरोबर नेली. त्याच यानात कर्नालची कल्पना चावला होती. आपल्या मायभूमीची लेक आणि आपल्या पितृभूमीचा सुपुत्र एका यानात. १ फेब्रुवारी २००३ रोजी परतताना यान फुटले आणि सातही जण गेले. त्या दिवशी पेत्र जिवंत असता तर त्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली असती.

मग व्हर्न मुलांच्या हाती द्यावा की नाही? आमचे मत असे, अवश्य द्यावा. पेत्रच्या मनातला चंद्र व्हर्ननेच उजळला होता, तो आपण आपल्या नातवंडांपासून का हिरावून घ्यावा? पण देताना झादोक काह्न ह्यांच्या पत्राची गोष्टही सांगावी. तोफेचा हिशेब कोठे चुकला हे जसे आपण मुलाला समजावितो, तसेच काटा कोठे खोटा आहे हेही समजावावे, आणि तो हाखाबुटच्या गलबतात नव्हे, लेखकाच्या हातात होता हे त्याला स्वतःच ओळखू द्यावे.